तुलनेचा हक्क

मार्च २०१६ मध्ये मेंदूच्या कर्करोगावरच्या एका लसीची जगभर चाललेली चाचणी मध्येच थांबवण्यात आली. लसीचं नाव रिंडोपेपिमट. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या सर्वांत आक्रमक गाठींपैकी काहींच्या पेशींवर एक विकृत प्रथिन असतं. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला ओळखायला शिकवणं हे या लसीचं काम होतं. आधीच्या छोट्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण २१.८ महिन्यांहून अधिक जगले होते. त्या चाचणीत लस सगळ्यांनाच दिली होती, त्यामुळे तुलना करायची तर जुन्या रुग्णांच्या नोंदींशीच. त्या नोंदींशेजारी हा आकडा ठेवला की मोठी झेप दिसत होती, आणि या आजारात झेप फार क्वचित दिसते.

मग ७४५ रुग्णांची मोठी चाचणी झाली. कुणाला लस आणि कुणाला लुटुपुटीचं इंजेक्शन, हे चिठ्ठी टाकून ठरलं. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेत जवळजवळ पूर्ण निघाली होती त्यांच्यात लसवाल्यांचा आकडा आला २०.१ महिने, आणि लस न मिळालेल्यांचा २०.० महिने. लस घेणारे लवकर गेले असं काही झालं नव्हतं. त्यांचं आयुर्मान साधारण अपेक्षेइतकंच होतं. फरक पडला तो लस न मिळालेल्यांमुळे, कारण जुन्या नोंदींवरून वाटलं होतं त्यापेक्षा ते बरेच जास्त जगले. ते रुग्ण चाचणीत नसते, तर ही लस आज कदाचित बाजारात असती आणि तिच्या पायी घरंच्या घरं कर्जात बुडाली असती.

ग्लायोब्लास्टोमावर सध्या सर्वाधिक आशा आणि सर्वाधिक वाद ज्या उपचाराभोवती आहे, त्या डेंड्रायटिक पेशींच्या लसीकडे पाहताना हा निकाल डोळ्यांसमोर असायला हवा. ही लस निरुपयोगी आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट, ती काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडत असावी असं मानायला जागा आहे. पण सोळा वर्षं आणि तीनशेहून अधिक रुग्ण खर्ची घालूनही या प्रश्नाचं ठाम उत्तर हाती आलेलं नाही. याचा दोष जीवशास्त्राइतकाच चाचणीच्या रचनेकडे जातो.

आधी आजाराबद्दल. ग्लायोब्लास्टोमाला कडा नसते. एमआरआयवर गाठ गोळ्यासारखी दिसते, पण तिच्या पेशी भोवतालच्या निरोगी मेंदूत कित्येक सेंटिमीटर आतवर पसरलेल्या असतात. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदाने अशा काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढून टाकला. तरीही कर्करोग दुसऱ्या बाजूला उगवलाच. याहून मोठी शस्त्रक्रिया कल्पनेतही शक्य नाही, आणि तीही पुरली नाही. अमेरिकेचे सिनेटर टेड केनेडी २५ ऑगस्ट २००९ रोजी याच आजाराने गेले. बरोबर नऊ वर्षांनी, २५ ऑगस्ट २०१८ रोजी, सिनेटर जॉन मॅकेनही याच आजाराने गेले. जगातले उत्तमातले उत्तम उपचार दोघांच्या हाताशी होते. निदानानंतर दोघांना मिळाला तो साधारण वर्ष-सव्वा वर्षाचा काळ.

आजही जगभर जो उपचार प्रमाण मानला जातो तो २००५ सालचा आहे. शस्त्रक्रिया, मग सहा आठवडे रेडिएशन आणि त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने निम्मे रुग्ण १२.१ महिने जगले होते, तर गोळ्यांची जोड मिळाल्यावर १४.६ महिने. अडीच महिन्यांचा फरक. ऐकायला कमी वाटतो, पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, आणि चिठ्ठी टाकून गट पाडलेले असल्यामुळे त्यावर कुणी शंका घेऊ शकलं नाही.

डेंड्रायटिक पेशींचा शोध १९७३ मधला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत फांद्याफांद्यांच्या आकाराच्या, कुणीच न नोंदलेल्या पेशी दिसल्या. पुढची कित्येक वर्षं बहुतेक सहकाऱ्यांना त्यांचं महत्त्व पटलं नाही. या पेशी स्वतः शत्रूला मारत नाहीत. पूर्वी गावात अनोळखी माणूस दिसला की जागल्या चावडीवर वर्दी देई, तसं त्यांचं काम. शरीरात कुठे परकं किंवा बिघडलेलं प्रथिन आढळलं की त्याचा तुकडा घेऊन त्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी पेशींना तो दाखवतात. मारण्याचं काम टी पेशी करतात, पण कुणाला मारायचं हे त्यांना डेंड्रायटिक पेशींकडून कळतं.

ग्लायोब्लास्टोमात ही वर्दी पोचतच नाही. गाठ आपल्याभोवती प्रतिकारशक्तीला दाबून टाकणारी रसायनं पसरवते. मेंदूची सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही तेच करतं. मग डेंड्रायटिक पेशी शरीराबाहेर काढाव्यात, प्रयोगशाळेत त्यांना गाठीची ओळख करून द्यावी आणि परत सोडावं, अशी ही कल्पना आहे.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या अडचणी याच तपशिलांत दडलेल्या आहेत. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सहसा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकून पॅथॉलॉजीकडे जाते. लस करायची असेल तर तिचा दोन-एक ग्रॅमचा तुकडा फॉर्मॅलिनचा स्पर्शही न होता, तिथल्या तिथे वेगळा काढून गोठवावा लागतो. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात आणि लसीच्या कामातून जातात. मग रुग्णाच्या दोन्ही हातांना सुया लावून, प्लेटलेट दान करताना असतं तशा यंत्रातून काही तास रक्त फिरवतात आणि पांढऱ्या पेशी बाजूला काढतात. त्यांतल्या मोनोसाइट पेशींना आठवडाभर ठराविक संदेशवाहक प्रथिनांत वाढवलं की त्या डेंड्रायटिक पेशींचं रूप घेतात. गोठवलेल्या गाठीचा चुरा करून तो अर्क त्यांना खाऊ घालतात. तयार डोस पुन्हा अतिशीत तापमानात ठेवतात. ‘डीसीव्हॅक्स-एल’ या सर्वाधिक अभ्यासलेल्या लसीत दर खेपेला सुमारे २५ लाख पेशी दंडाच्या कातडीत टोचतात. पहिले तीन डोस दहा-दहा दिवसांच्या अंतराने, मग दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या महिन्यात, आणि पुढे दर सहा महिन्यांनी.

म्हणजे प्रत्येक कुपी एकाच माणसाची असते. त्याच्याच रक्ताची, त्याच्याच गाठीची. दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग शून्य.

या कल्पनेत एक खरा शहाणपणा आहे. रिंडोपेपिमटने एकाच प्रथिनावर नेम धरला होता, आणि गाठ परतली तेव्हा अनेक रुग्णांत ते प्रथिनच नाहीसं झालेलं होतं. संपूर्ण गाठीचा अर्क वापरला तर लक्ष्यं शेकड्याने मिळतात आणि गाठीला एक टाकून निसटणं अवघड जातं. दंडात टोचलेल्या लसीने जागवलेल्या पेशी मेंदूत पोचतील का, ही जुनी शंकाही आता तितकी उरलेली नाही. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या मेंदूत परक्या कातडीचे तुकडे बसवून पाहिले, तेव्हापासून मेंदू प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेर आहे असं धरून चालत. २०१५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या गटाला उंदराच्या मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या आणि ते चित्र पालटलं.

आता डीसीव्हॅक्सच्या मोठ्या चाचणीकडे वळू. लॉस एंजलिसच्या यूसीएलएमधल्या शल्यविशारद लिंडा लियाव आणि नॉर्थवेस्ट बायोथेराप्युटिक्स ही कंपनी यांनी ती उभी केली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि जर्मनीतल्या ३३१ रुग्णांची नोंदणी २००७ ते २०१५ या काळात झाली. २३२ जणांना लस, ९९ जणांना त्यांच्याच रक्तातल्या साध्या पेशींचं प्लासिबो. मुख्य निकष ठरला होता तो गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ. शिवाय एक मुभा होती. गाठ परतली तर प्लासिबोवाल्यांनाही लस घेता येईल.

या मुभेमागची भावना समजण्यासारखी आहे. त्या ९९ जणांच्याही डोक्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्याही गाठी गोठवून ठेवल्या होत्या, त्यांचंही रक्त यंत्रातून फिरवलं होतं. त्यांच्या नावाची लस डीप फ्रीजरमध्ये तयार होती. गाठ परतल्यावर ‘तुमची लस आहे, पण देणार नाही’ हे कुठल्या डॉक्टरने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि हे आधीच माहीत असतं, तर चाचणीत नाव घालायला किती जण तयार झाले असते?

परिणाम असा झाला की ९९ पैकी ६४ जणांनी पुढे लस घेतली. एकूण रुग्णांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांना कधी ना कधी ती मिळाली. मुख्य निकषावर लसगटाला फायदा दिसला नाही. संशोधकांनी एकूण आयुर्मान हा निकष पुढे आणला आणि तुलनेसाठी बाहेरचे रुग्ण घेतले, इतर चाचण्यांमध्ये केवळ प्रमाण उपचार मिळालेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त निकाल आला. नव्याने निदान झालेल्यांत चाचणीतल्या नोंदणीपासून १९.३ महिने विरुद्ध १६.५. गाठ परतल्यावर लस घेतलेल्यांत १३.२ महिने विरुद्ध ७.८. पाच वर्षांनंतर हयात असलेले १३ टक्के विरुद्ध ५.७ टक्के. २,१५१ डोसांमध्ये लसीशी संबंध असू शकेल अशा गंभीर दुष्परिणामांच्या घटना फक्त पाच.

पाच वर्षांचा तो आकडा वाचून थांबावंसं वाटतं. दुपटीहून अधिक माणसं जिवंत, तीही फारशा गंभीर दुष्परिणामांशिवाय. ज्याच्या घरात हा आजार शिरला आहे त्याला याहून मोठी बातमी नसेल.

संशोधकांच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. निकष बदलण्यामागे वैद्यकीय कारणही होतं. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडली की तिथे सूज येते, आणि एमआरआयवर ती सूज गाठ वाढल्यासारखीच दिसते. लस काम करत असतानाच ‘आजार वाढला’ अशी नोंद होऊ शकते. चाचणी आखली गेली त्या काळात याची पुरेशी जाण नव्हती. माणूस किती काळ जगला हा निकष त्यापेक्षा नक्कीच सच्चा आहे.

पण हा सच्चा निकष ज्यांच्याशी ताडायचा ते रुग्ण बाहेरचे होते. त्यांच्या एकेकाच्या तपशीलवार नोंदी संशोधकांच्या हाती नव्हत्या, प्रसिद्ध झालेल्या आलेखांवरून आणि सरासऱ्यांवरून हिशेब केला गेला. डीसीव्हॅक्सच्या चाचणीत येण्यासाठी रुग्णाला आधी शस्त्रक्रिया झेपायला हवी होती, गाठ पुरेशी निघायला हवी होती, स्टेरॉइड कमी व्हायला हवं होतं, आणि रेडिएशन संपेपर्यंत आजार काबूत राहायला हवा होता. जो इथपर्यंत टिकला तो मुळातच थोडा नशीबवान रुग्ण. शिवाय एमजीएमटी या जनुकाची स्थिती अनुकूल असली तर आयुष्य बरंच वाढतं. आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठी मुळात सौम्य असतात आणि २०२१ पासून त्यांना ग्लायोब्लास्टोमा म्हणतही नाहीत. दोन गटांत अशा रुग्णांचं प्रमाण थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी काही महिन्यांचा फरक लसीशिवायही दिसू शकतो. बाहेरचा गट निवडताना काळजी घेतली गेली, हे खरं. तरी रिंडोपेपिमटच्या निकालाने जो प्रश्न विचारला होता, तुलना नेमकी कुणाशी, तो इथे अनुत्तरित राहतो.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात या प्रश्नाची एक जुनी नोंद आहे. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून ती सुरक्षित आहे एवढंच कळलं. ती उपयोगी आहे हे कळलं त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात. काही कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, काहींनी नाही, आणि दोन्ही प्रकारचे कैदी त्याच तुरुंगात, त्याच साथीत राहत होते. लस न घेतलेल्यांत प्लेग आणि मृत्यू जास्त झाले. आजच्या कसोटीवर ती चाचणी कच्चीच म्हणावी लागेल, पण तुलना समोरासमोरची होती. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या वर्षीच्या प्लेगशी नव्हती.

मग नंतर लस देण्याची मुभा ठेवायचीच नाही का? तसंही नाही. प्रोव्हेंज ही प्रोस्टेटच्या कर्करोगावरची, रुग्णाच्याच प्रतिकारपेशींपासून बनवलेली लस २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिच्या ५१२ रुग्णांच्या चाचणीतही प्लासिबोवाल्यांना आजार वाढल्यावर साठवलेल्या पेशींची लस घेता येत होती. पण एकूण आयुर्मान हाच मुख्य निकष होता आणि तुलना अखेरपर्यंत मूळ दोन गटांमध्येच झाली. फरक चार महिन्यांचा निघाला आणि तो मान्य झाला. दया आणि काटेकोरपणा एकाच चाचणीत नांदू शकतात, फक्त सुरुवातीला विचार करावा लागतो.

रुग्णहक्कांच्या चळवळीत एक युक्तिवाद नेहमी केला जातो. मरणाच्या दारातल्या माणसाला प्लासिबो देणं हीच क्रूरता आहे, असा. त्यातली वेदना खरी आहे, पण त्यातलं गृहीतक तपासायला हवं. प्लासिबो गटातला माणूस वंचित राहिला असं म्हणताना आपण लस गुणकारी आहे हे आधीच धरून चालतो. रिंडोपेपिमटच्या चाचणीत प्लासिबो मिळालेल्या कुणाचंही काही गेलं नाही. उलट, त्यांच्यामुळे पुढच्या हजारो रुग्णांच्या घरांवरचं संकट टळलं. असाध्य आजाराच्या रुग्णाला आशेचा हक्क आहे, तसाच ती आशा खरी की खोटी हे कळण्याचाही हक्क आहे. डीसीव्हॅक्सच्या ३३१ जणांनी आपलं डोकं, आपलं रक्त आणि आयुष्यातले मोजके महिने दिले. त्यांना ते उत्तर देणं आपल्याला जमलेलं नाही.

स्वतः स्टाइनमन यांची कहाणी याच पेचाची आहे. २००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. सहकाऱ्यांनी त्यांच्याच गाठीपासून डेंड्रायटिक पेशींच्या लसी बनवल्या, जोडीला किमो आणि इतर प्रायोगिक उपचार दिले. त्या आजारात फार थोडे रुग्ण जगतात तितकी, साडेचार वर्षं ते जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचं निधन झालं, आणि ते न कळल्यामुळे तीन दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. त्या साडेचार वर्षांतली किती लसीची होती, हे त्या पेशी शोधणाऱ्या माणसालाही सांगता येणं शक्य नव्हतं. एका रुग्णाची तुलना कुणाशी करणार?

या सगळ्यात पैशाची भूमिका मोठी आहे. एकेका माणसासाठी वेगळी करावी लागणारी लस घाऊक बनत नाही, म्हणून मोठ्या कंपन्या तिच्यापासून लांब राहतात आणि चाचण्या येतात छोट्या, कायम निधीच्या शोधात असलेल्या कंपन्यांच्या हाती. आयसीटी-१०७ या ग्लायोब्लास्टोमावरच्या दुसऱ्या डेंड्रायटिक लसीची अंतिम टप्प्याची चाचणी २०१७ मध्ये पैशाअभावी थांबली. प्रोव्हेंजच्या तीन डोसांची किंमत ९३ हजार डॉलर होती, तरी ती बनवणाऱ्या डेंड्रियॉन कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. विज्ञानाचा प्रश्न असा बाजाराच्या भरवशावर सोडला की अर्धवट उत्तरं पदरी येणारच. आणि त्या अर्धवटपणावर खासगी केंद्रं पोसली जातात. युरोपात रुग्णांची कुटुंबं लोकवर्गणी काढून अशा लसी विकत घेतात. आपल्याकडे एफडी मोडली जाते, शेत गहाण पडतं. या रुग्णांचं पुढे काय झालं याची कुठेही एकत्र नोंद राहत नाही, म्हणजे पैसे जातात आणि ज्ञानातही भर पडत नाही.

मुंबईने याला पर्याय दाखवलेला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा उपचार इथे साधारण तीस-चाळीस लाखांत आला. तोही सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हे, पण रुग्णाच्या पेशी काढून, बदलून, परत देण्याचं कौशल्य इथे आहे हे त्यातून दिसलं. टाटातलीच दुसरी चाचणी याहून महत्त्वाची वाटते. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडं प्रतिकारशक्तीचं औषध अगदी थोड्या, २० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिलं तर चालेल का, हा प्रश्न कुठल्याच कंपनीला परवडणारा नव्हता. टाटाच्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांत चिठ्ठ्या टाकून तो विचारला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. रुग्ण मोजके होते, पण निकाल स्वच्छ होता.

ग्लायोब्लास्टोमात नवे प्रयोग जोरात आहेत. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने प्रयोगशाळेत बदललेल्या टी पेशी, म्हणजे कार-टी, थेट मेंदूच्या पोकळीत सोडल्याचं प्रसिद्ध केलं, आणि काही दिवसांत गाठी आक्रसल्याचे एमआरआय जगभर फिरले. रुग्ण होते तीन, आणि परिणाम सर्वांमध्ये टिकला नाही. मे २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या संशोधकांनी एमआरएनए लसीचे निष्कर्ष दिले. तिथे रुग्ण होते चार. हे प्रयोग व्हायलाच हवेत. पण तीनाचे तीनशे करताना पुन्हा तुलनेचा गट हातचा जाऊ नये.

डेंड्रायटिक लसीचा प्रश्न भारतात सार्वजनिक पैशातून नव्याने विचारता येईल. टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि दिल्लीचं एम्स यांच्याकडे मिळून या आजाराचे पुरेसे रुग्ण येतात. पहिली पायरी अगदी साधी आहे. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात, रुग्णाच्या संमतीने, गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनआधी गोठवून ठेवण्याची सोय. त्यासाठी लागतो एक डीप फ्रीजर, नोंदवही आणि थिएटरमध्ये ते काम नेमून दिलेला एक माणूस. ब्रिटनमध्ये काही कुटुंबांना गाठ पुरेशी गोठवून ठेवली नसल्याचं उशिरा कळलं, तेव्हा त्यांनी यासाठी आवाज उठवला. दुसरी पायरी म्हणजे एमजीएमटी आणि आयडीएचची तपासणी आधी करून मग चिठ्ठ्या टाकणं, म्हणजे दोन्ही गट खरोखर सारखे होतील. आयुर्मान हा निकष पहिल्या रुग्णाच्या नोंदणीआधी जाहीर व्हावा आणि मध्येच बदलू नये. प्लासिबो गटाला गाठ परतल्यावर लस मिळावी, पण हिशेब मूळ गटांप्रमाणेच व्हावा. आणि चाचणी चालू असेपर्यंत, ग्लायोब्लास्टोमासाठी ही लस चाचणीबाहेर पैसे घेऊन देण्यावर औषध नियंत्रकांची बंदी असावी.